हरवलं-सापडलं

"बाई, हे कपाट आज रिकामं करून द्या बरं," हेडसर दारातूनच म्हणाले. "इथे स्पर्धांच्या ढाली मांडायच्यात. आणि हरवलं-सापडलंचं कपाट हवंय कशाला? पोरांना वस्तू सांभाळायला शिकवायचं, की हरवायला?"

चौथीच्या बाई हसल्या. हेडसर माणूस वाईट नव्हता, फक्त कायम घोड्यावर बसलेला असायचा.

बाईंनी कपाट उघडलं. एकेकटे मोजे, झाकण नसलेले डबे, दांडी मोडलेली छत्री. काही म्हणता काही बदललं नव्हतं. याच शाळेत शिकताना त्या एकदा या कपाटापुढे उभ्या होत्या, दोन वेण्या घालून, थंडीनं दात वाजवत. तेव्हाच्या हेडबाईंनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, आतून एक निळा स्वेटर काढला होता.

"घे, तुझा हरवलेला सापडला एकदाचा."

"माझा नाही हो, बाई. माझ्याकडे स्वेटर नव्हताच."

"विसरभोळी कुठली! तुला नसेल आठवत, मला आठवतोय ना."

मोठ्या बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दोन वेण्यांच्या त्या पोरीनं स्वेटर घातला. आपला खरंच एक स्वेटर हरवला होता, असं तिला पुढे कितीतरी वर्षं वाटायचं. मग स्वतःचा संसार झाला, आणि एका हिवाळ्यात घरची ट्रंक उघडताना डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरला. तसाच वास त्या निळ्या स्वेटरला होता. शाळेच्या कपाटात डांबरगोळ्या कोण घालून ठेवतंय! त्या दिवशी सगळं कळलं. पण तोवर मोठ्या बाई राहिल्या नव्हत्या, आणि बोलायचं ते मनातच राहिलं.

बाईंनी खांद्यावरच्या पिशवीतून लेकीचा आखूड झालेला लाल स्वेटर काढला. सोमवारपासून तो पिशवीतच येत-जात होता. द्यायचा होता वर्गातल्या मिरचीला. मिरची हे वर्गानं ठेवलेलं नाव, आणि पोरीनं ते सार्थ केलं होतं. नाकावर माशी बसू द्यायची नाही. थंडीनं बोटं आखडायची, पेन्सिल हातातून सुटायची, गणितं बरोबर आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. बाईंनी परवा स्वतःची शाल पुढे केली, तर म्हणाली, "मला नाही वाजत थंडी." त्यानंतर दिवसभर तिनं मान वर केली नव्हती.

बाईंनी स्वेटर कपाटात मोज्यांखाली सरकवला आणि व्हरांड्यात हाक मारली.

मिरची आली. दोन्ही हात काखेत.

"अगं, कपाट आवरतेय तर हा सापडला बघ. तुझा ना?"

मिरचीनं स्वेटरकडे पाहिलं, मग बाईंकडे. "माझा नाहीये."

"विसरलीस वाटतं. तुला नसेल आठवत, मला आठवतोय ना."

आता ही 'नको' म्हणणार, असं बाईंना वाटलं. कपाट आजच रिकामं होणार होतं. दुसरी सबब त्यांच्याजवळ नव्हती.

मिरचीनं स्वेटर घेतला. हुंगला. मग डोक्यातून घातला आणि बाह्या खाली ओढून बोटं आत लपवली.

"बरोबर बसला की नाही?"

"हं."

ती वर्गाकडे निघाली. तेवढ्यात शिपाईकाका ढालींचं खोकं छातीशी धरून आले. "बाई, झालं का रिकामं?"

बाई उत्तर देणार, तोच मिरची दारातून मागे फिरली. शिपाईकाकांना वळसा घालून बाईंच्या अगदी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, माझ्या भावाचापण हरवलाय. पहिलीत आहे तो."

बाईंनी कपाटाचं दार लोटून घेतलं. "काका, ढाली तूर्त माझ्या वर्गात ठेवा. हेडसरांशी मी बोलते. हे कपाट लागणार आहे." मग त्या मिरचीपुढे वाकल्या. "कुठल्या रंगाचा होता गं त्याचा?"

मिरचीनं विचार केला.

"मला नाही आठवत," ती म्हणाली. "तुम्हाला आठवेल ना?"