बिनपिशवीचं भूत

"यंदा हॅलोविनला पोरांबरोबर मी एकटी जाईन," असं माझ्या सासूबाईंना, डोरीनना, मी बजावलं होतं. माझी तिन्ही पोरं दारोदार चॉकलेटं मागत पुढे, मी टॉर्च घेऊन मागे. तिसऱ्या घरापासून पांढऱ्या चादरीतलं एक उंच भूत आमच्या मागे लागलं. हातात पिशवी नाही, कुठल्याच दारात चॉकलेट मागत नाही. मी सारखी मागे वळून त्याच्यावर नजर ठेवत होते. वळणावर बघते तर त्याने चादरीखाली काहीतरी दडवलेलं. मी तडक जाऊन चादर ओढली.

आत डोरीन. कडेवर आमचा धाकटा वेस्ली, पेंगुळलेला.

"दोन घरं मागे, पायरीवर एकटाच बसला होता," त्या म्हणाल्या. "तुझं लक्ष कुठं होतं?"

"तुमच्यावर."