शकरीने तूप सोडलं

कैलासबेन दारात आली ती वहाणा न काढताच उभी राहिली. हातात दोन कागद होते. रायजीने चाक थांबवलं. अकीक दगडाची तांबूस पूड त्याच्या भुवयांवर, मिशीवर बसली होती.

"काकी, तुमचा साफ आहे," आरोग्य केंद्रातली कैलासबेन म्हणाली. मग दुसरा कागद पुढे केला. "काकांच्या थुंकीत खोट दिसते."

शकरी मणी ओवत होती. सुई हातातच राहिली.

"खोट म्हणजे?"

"क्षयाची शंका. नक्की नाही. आणंदला जाऊन पुन्हा थुंकी द्यायची, छातीचा फोटो काढायचा. दहा दिवसांत कळेल."

रायजी कागदाकडे बघत राहिला. "काही चूक तर नाही ना झाली?"

"चूक कशी होईल, काका? डबीच्या झाकणावर जे नाव, तेच कागदावर. आणि थुंकीच्या दोन्ही डब्या कॅम्पच्या दिवशी तुम्हीच तर पहाटे शाळेत आणून दिल्यात."

शकरीला वाचता येत नव्हतं. तरी तिने दोन्ही कागद हातात घेतले, उलटसुलट केले आणि देवीच्या फोटोमागे ठेवले.

त्या गल्लीत घरोघरी चाकावर अकीक घासत. खोकला सगळ्यांनाच होता. पण कागदावर आलेला खोकला वेगळा. गेल्या साली कॅम्पनंतर समोरच्या चतुरभाईच्या नावापुढे असंच काही आलं आणि व्यापाऱ्याने त्याला दगड देणं बंद केलं. चाक गेलं. तेव्हापासून चतुरभाई दाराशी खाटेवर बसून असायचा.

संध्याकाळी त्यानेच हाक मारली. "ये बाबा रायजी, खाटेवर जागा आहे. बिडी मात्र तुझी तू आण."

रायजी हसला नाही.

शकरीने खोडियार मातेपुढे दिवा लावला. नवऱ्याचा कागद साफ येईपर्यंत दूध, तूप, गूळ बंद. दुसऱ्या दिवशी तिच्या वाटचं तूप त्याच्या रोटल्यावर पडलं.

"हे काय खूळ?" रायजी ओरडला. "तू खा. तूच खायला पाहिजेस."

"आजारी मी आहे का तुम्ही?"

त्याने ताट बाजूला सारलं. मग तिने पुन्हा पुढे केलं, तेव्हा मान खाली घालून जेवला.

आणंदला जायला बसने दीड तास लागला. तपासणी झाली. डॉक्टरने विचारलं, "घरात आणखी कुणाला खोकला?"

"बायकोला. सकाळी सकाळी. साहेब, तिलाही एकदा तपासा ना."

डॉक्टरने जुने कागद चाळले. "तिचा कॅम्पात साफ आलाय की."

"हो. पण..."

"पण काय?"

दाराबाहेर बाकावर शकरी मांडीवर त्याचा डबा घेऊन बसली होती. मागे रांग होती. शेजारच्या गल्लीतले दोघेजण त्याच रांगेत होते.

"काही नाही," रायजी म्हणाला.

मग दिवस मोजणं सुरू झालं. शकरीने त्याची ताट-वाटी वेगळी केली नाही. कैलासबेनने बजावलं तरी नाही. "तीस वर्षं एका ताटात जेवलो, आता काय वेगळं करायचं," म्हणाली.

रायजी मात्र बदलला. चूल तो पेटवू लागला. पाण्याचे हंडे तो आणू लागला. शकरी खोकली की हातातलं काम टाकून तिच्याकडे बघायचा.

"धूर आहे हो," ती म्हणायची.

"चूल पेटलेली तरी आहे का?"

शेजारच्या काशीबेनने पाणी भरताना टोमणा मारला. "शकरी, तुझ्या नवऱ्याला रोग झालाय का प्रेम?"

"दोन्ही एकदमच झालंय," शकरी हसली. हसता हसता खोकली. हंडा खाली ठेवून भिंतीला टेकली.

आठव्या दिवशी तिने पोलक्याला आतून टीप घातली. सैल होत होतं.

"उतरलीस तू," रायजी म्हणाला.

"दूध-तूप सोडल्यावर माणूस उतरणारच. तुमचा कागद साफ आला की भरून निघेल."

"नवस मोड, शकरी. मी सांगतो म्हणून मोड."

"मोडला आणि तुम्हाला काही झालं तर? देवीला काय सांगू?"

"ऐक. मला तुला एक..."

"काय?"

ती सुई धरून त्याच्याकडे बघत होती. रायजीने कोपऱ्यातल्या चाकाकडे पाहिलं.

"पाणी दे," तो म्हणाला.

दहाव्या दिवशी दुपारी कैलासबेन गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आली. "रायजीकाका, साफ! थुंकी साफ, फोटोही साफ! क्षयबिय काही नाही. धुळीचा खोकला आहे, तोंडाला फडकं बांधा म्हणालेत."

शकरी मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मग उठली, चुलीवर कढई चढवली आणि डब्यातलं होतं तेवढं तूप ओतलं. गूळ-कणकेच्या सुखडीचा वास गल्लीभर गेला. काशीबेन आली. कैलासबेन आली.

"घ्या, माझ्या खाटेवरची जागा फुकट गेली," चतुरभाई म्हणाला आणि दोन वड्या उचलल्या.

"अहो, असे गप्प का? तोंड उघडा," शकरीने पहिली वडी त्याच्यापुढे धरली.

"आधी तू."

दहा दिवसांनी तिने तूप तोंडाला लावलं. अर्धी वडी खाल्ली आणि तिला ठसका लागला. तो बराच वेळ थांबला नाही. तिने पदराने तोंड पुसलं, पदराकडे पाहिलं आणि तो कमरेला खोचला.

"सवय मोडली हो तुपाची," ती म्हणाली.

रायजीने हातातली वडी खाली ठेवली. कॅम्पच्या दिवशी पहाटे, शकरी न्हायला गेली असताना, आपल्या नावावर खोट आली तर चाक जाईल म्हणून त्याने दोन्ही डब्यांची झाकणं आपसात बदलली होती. तिला ते सांगायचं अजून राहिलं होतं.