निबंधातला दाखला

"भाषा सुधारलीय, पण निबंध पोकळ आहे," हेमांगी मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी प्रेमराजनानांची वही परत सरकवली. "अन्याय हा शब्द सतरा वेळा आलाय. अन्याय झालेला माणूस एकदाही नाही. दाखला कुठंय?"

वर्गात हशा पिकला. सत्तरीचे नाना वर्गातले सगळ्यांत थोरले विद्यार्थी, आणि लाल शाईसुद्धा सगळ्यांत जास्त त्यांच्याच वाट्याला.

"दाखला शे मॅडम," नाना म्हणाले. "मना हात चालत नही."

"आज चालवा. उद्या सभा आहे ना?"

नाना वही घेऊन खिडकीपाशी जाऊन बसले.

मेहरूणच्या त्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी निबंधाचा वर्ग भरायचा. बाकी सगळे स्पर्धा परीक्षेवाले. पण मॅडमकडे गाइडला थारा नव्हता. पाणवठ्यावरून चाललेले जुने खटले, समतेची कलमं, वाळीत टाकण्याविरुद्धचा कायदा, हे सगळं आधी वाचायचं. मग समोरच्याची बाजू लिहायची, आणि ती त्याला पटेल अशी जमली, तरच आपली.

नाना यासाठी धुळ्याहून एसटीने येत. "धुळ्यात काय क्लासेसचा दुष्काळ पडलाय?" वर्गातल्या पुनमने एकदा चिडवलंच.

"शेतस ना, बठ्ठा शेतस. पन माले याच मॅडमकडे शिकनं व्हतं."

मॅडम लाजल्या होत्या. अशी पावती काही रोज मिळत नाही.

नानांचा विषय पहिल्या दिवसापासून एकच होता, वाळीत टाकणं. रविवारी धुळ्यात त्यांच्या समाजाची सभा होती. एका घरावरचा अठ्ठावीस वर्षांचा बहिष्कार तिथे उठवून घ्यायचा, त्यासाठी हा निबंध. पंचांचा तो जुना ठराव रद्द झाला नाही तर नानांच्या हयातीत पुन्हा विषय निघायचा नाही. घर कोणाचं, हे विचारायचा आगाऊपणा कोणी केला नाही. म्हाताऱ्या माणसाच्या जखमेवरची खपली कशाला काढा?

"पण ते तुम्हाला बोलू देतील?" पुनमने तेवढं विचारलं होतं.

"देथीन," नाना म्हणाले होते.

पंचांची बाजू त्यांनी लिहून आणली, तेव्हा तर वर्ग गारच पडला. नियम एकाने मोडला तर उद्या समाज राहील का, असा बिनतोड सवाल होता त्यात. पुनम म्हणाली, "नाना, तुम्ही तर पंचांचे वकील शोभता!"

"सोसणाऱ्यालाच ते नेमकं कळतं," मॅडम हळूच म्हणाल्या. त्या दिवसापासून वर्ग सुटल्यावर त्या नानांना अर्धा तास जास्त देऊ लागल्या. का, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

नाना त्या अर्ध्या तासाने भारावून जात. येताना पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा आणत आणि जाताना दर वेळी हात जोडत. "सत्तर वरीस नुसता बोलनू मॅडम. खरं बोलनं तुम्ही शिकाडं. तुमना उपकार फिटाव नहीत."

"उपकार कसले?" मॅडम म्हणत. पण हा माणूस आपल्या वर्गात आला, याचा त्यांनाही मनापासून आनंद होता.

तासाभराने नाना वही घेऊन खिडकीपासून उठले.

"सभामा वाचानं पहिले आठे वाचस," ते म्हणाले. "सभेआधी आम्हाला? वाचा," मॅडम म्हणाल्या. नाना वाचू लागले.

"आमच्या गावात एका मुलीने परजातीत लग्न केलं, म्हणून पंचांनी तिच्या आईबापाचं घर वाळीत टाकलं. वर्षाच्या आत बाप वारला. भावकीतलं कोणी खांदा द्यायला आलं नाही. परजातीचे तिघे आले. चौथा खांदा त्याच्या बायकोने दिला. अग्नीचं मडकं घेऊन पुढे त्यांची धाकटी मुलगी चालत होती. आठ वर्षांची."

मॅडम खाली बसल्या. नाना थांबले नाहीत.

"मी माझ्या ओट्यावरून बघत होतो. उठलो नाही, कारण त्या ठरावावर पहिली सही माझी होती. ती मुलगी आता दर शनिवारी मला लिहायला शिकवते."