छत्रीच्या लिंकचं शेपूट

"जानेवारीत छत्री?" असं पुटपुटत माधवरावांनी मुलाने पाठवलेली लिंक उघडायच्या आधी सवयीप्रमाणे तिचं शेपूट शोधलं.

लिंकमधल्या प्रश्नचिन्हापुढचा सगळा मजकूर म्हणजे माधवरावांच्या भाषेत शेपूट. ते कापलं तरी पान बहुतेक वेळा उघडतंच, मग ठेवायचं कशाला? लिंक कुठून उचलली, त्याआधी पाठवणारा काय शोधत होता, असल्या चहाड्या त्यात भरलेल्या असतात. नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणी रव्याच्या लाडवांची साधी लिंक टाकली, तरी हे गृहस्थ ती साफ करून पुन्हा टाकणार. वर "शेपूट कापून पाठवत जा" ही सूचना. लोक वैतागायचे. मुलगा धवल निमूट ऐकून घ्यायचा आणि कापायचा मात्र कधीच नाही.

सध्या त्यांना एवढाच उद्योग उरला होता. दिवाळीनंतर वलवण धरणाच्या रस्त्यावर फिरताना ते घसरून पडले. हाडं वाचली, पण धीर खचला. डॉक्टर म्हणाले, हातात काठी घ्या आणि खुशाल फिरा. काठीचं नाव काढलं की माधवराव उखडायचे. धवलने पुण्याहून आणलेली काठी इंदिराबाई आता शेवग्याच्या शेंगा पाडायला वापरत होत्या. रोज सकाळी शेजारचा महिपती फाटकाशी येऊन फिरायला हाक मारायचा, आणि हे आतूनच "उद्या बघू" म्हणायचे. नवरा असा खुर्चीत बसून बसूनच थकून जाणार, या काळजीने इंदिराबाईंना जेवण गोड लागत नव्हतं.

"काय म्हणतोय धवल?" मेथी निवडता निवडता त्यांनी विचारलं.

"म्हणतोय, तुमची छत्री जुनी झाली, ही बघा."

लोणावळ्याच्या माणसाला छत्रीचं महत्त्व कुणी सांगायला नको. पण कोरड्या जानेवारीत ती विकत घेण्याइतकं वेडं त्यांच्या घरात कुणी नव्हतं. माधवराव शेपूट वाचू लागले. आधी नुसतेच आकडे आणि अक्षरं. मग धवलने दुकानात शोधताना टाइप केलेले शब्द, इंग्रजी अक्षरांत पण मराठीच, मध्ये अधिकची चिन्हं: काठी + न + वाटणारी + काठी + बाबांसाठी.

माधवरावांनी ते पुन्हा एकदा वाचलं. ऑफिसच्या धबडग्यात पोरगा असं काहीबाही शोधत बसला असेल. शेवटी ही लांब दांड्याची, वाकड्या मुठीची छत्री सापडल्यावर त्याला केवढं हायसं वाटलं असेल. आपल्या हट्टापायी लेकाला आपल्यापासूनच काठी लपवावी लागली, याची त्यांना लाज वाटली.

त्यांनी फोन लावला.

"छत्री बरी आहे. पण शेपूट पुन्हा तसंच ठेवलंस."

पलीकडे धवल चाचरत म्हणाला, "बाबा, तुम्ही वाचलंत का ते?"

"छे रे. चष्मा कुठे जवळ? न वाचताच कापलं."

इंदिराबाईंनी नवऱ्याच्या नाकावरच्या चष्म्याकडे पाहिलं आणि मेथीची पुढची काडी उचलली.

धवलचा जीव भांड्यात पडला. "मग मागवू ना? तशी घाई नाही, पावसाळ्याला अवकाश आहे अजून."

"पावसाळ्याची वाट कशाला बघायची? आजच मागव," माधवराव म्हणाले. "मूठ तेवढी मजबूत बघ. भार टाकायचाय."