दुपारी दोन ते चार

“आणि मग काय शोधायचीस?” धाकट्याने विचारलं, आणि ताईला एकदम भरून आलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत लोकांनी तिला ‘काही गोड बातमी?’ एवढंच विचारलं होतं, आणि अलीकडे तेही सोडून दिलं होतं. ती एकटी बसून मोबाइलवर काय शोधते याची कोणाला पडली होती? आज विचारत होता तो सख्खा भाऊ, तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, समोरचा चहा गार होऊ देऊन.

मग ती सांगत सुटली. भांडी आवरली की दुपारी दोन ते चार हे तिचे हक्काचे तास. नवरा कामावर आणि शेजारीण झोपलेली. ‘मूल’ हा शब्द लिहायला तिचा हात धजायचा नाही, म्हणून ती ‘बातमी’ लिहायची. चाळिशीत बातमी मिळते का. डॉक्टर नाही म्हणाले तरी कोणाला मिळाली आहे का. नवऱ्याला न सांगता काय घेता येतं. दुसऱ्याचं बाळ घेतलं की हात का थरथरतात. वाचून झालं की ती सगळं पुसून टाकायची, मागमूस ठेवायची नाही.

“आता नाही शोधत,” ती पदराने डोळे टिपत म्हणाली. “विणून ठेवलेली टोपडी परवा दवाखान्यात देऊन आले. सुटले एकदाची.”

धाकटा वहीत भराभर उतरवून घेत होता. मध्येच त्याचं पेन अडलं, तेव्हा ताईने स्वतःचं काढून दिलं. एखाद्या मोठ्या डॉक्टरला दाखवायला लिहून घेतोय, असं तिला वाटलं. तिला बरं वाटावं म्हणून त्याने तसं वाटू दिलं, असंही म्हणता येईल. पण ते खरं नाही.

धाकट्याची तीन ऑनलाइन दुकानं काढून झाली होती. पहिलं मोबाइलच्या कव्हरांचं, दुसरं कुंड्यांचं, तिसरं कुत्र्यांच्या स्वेटरांचं. तिन्ही झोपली. बायकोने हात टेकले होते. चौथंही झोपलं तर सासऱ्यांच्या टायरच्या दुकानात खुर्ची तयार होती, आणि सासरे ती रोज झटकून ठेवतात असं बायको जेवताना न चुकता सांगायची. म्हणून त्याने ऑनलाइन धंदा शिकवणाऱ्या एका सरांचा वर्ग लावला. सरांचं म्हणणं साधं होतं. सगळ्यांना सगळं विकायला जाऊ नका. एकच कोपरा धरा, पण असा, की जिथे माणसाला दुखतंय आणि तो कोणाला सांगत नाही. आधी आपल्याच घरात बघा. आणि गिऱ्हाईक डळमळलं तर त्याला लहान पुडी दाखवू नका, मोठी दाखवा.

धाकट्याने घरात बघितलं होतं.

महिन्याभरात वेबसाइट उभी राहिली. नाव ‘गोड बातमी’. माल म्हणजे कसल्याशा मुळांची भुकटी. तीच भुकटी दुसऱ्या डब्यात भरून घाऊक व्यापारी केस गळण्यावर विकायचा. पहिल्या पानावर पिकल्या केसांच्या, हसऱ्या बाईंचा विकत घेतलेला फोटो, आणि खाली ‘डॉक्टर मावशी’. पत्रांना उत्तरं मावशी देत, म्हणजे धाकटा देई. मथळे लिहायला त्याला डोकं चालवावं लागलं नाही. वहीत होते तसेच टाकले. ‘दुसऱ्याचं बाळ घेतलं की तुमचे हात थरथरतात का?’ जाहिराती त्याने फक्त दुपारी दोन ते चार लावल्या. ताईने विचारलं तेव्हा म्हणाला, परत कुंड्याच विकतोय.

या वेळी धंदा धडाक्यात चालला. बायको नीट बोलू लागली. सासऱ्यांनी खुर्चीवर दुसरा माणूस बसवला.

आणि एके दिवशी ऑर्डरींच्या यादीत त्याला ताईचं नाव दिसलं. पत्ता वाचायची गरजच नव्हती. आई गेली तेव्हा तो बारा वर्षांचा होता, आणि नवी नवरी असलेल्या ताईने त्याला आपल्याबरोबर सासरी नेऊन त्याच पत्त्यावर वाढवलं होतं. तिचं मूल म्हणावं असं कोणी असेल तर तो होता. मागणी एका डब्याची होती. निरोपाच्या चौकटीत लिहिलं होतं, ‘शेवटचा प्रयत्न.’

ऑर्डर रद्द करायचं बटण समोरच होतं. धाकट्याने बोट तिथवर नेलं, हे मात्र खरं.

तेवढ्यात फोन वाजला. घड्याळात अडीच झाले होते.

“अरे, कोणाला सांगू नकोस,” ताई हळू आवाजात म्हणाली. “एक औषध मागवलंय. ह्यांनाही बोलले नाही. त्या डॉक्टर मावशी आहेत ना, त्या अगदी माझ्या मनातलं लिहितात रे. कसं कळतं त्यांना, कोण जाणे.” मग ती थांबली. “पण भीती वाटते. पुन्हा आस लावून बसायचं, पुन्हा ते सगळं. तू सांग. तू नको म्हणालास तर आत्ता रद्द करते.”

पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता. ती डळमळत होती.

“ताई,” तो मायेने म्हणाला, “एका डब्याने काय होणार? तीन महिन्यांचे घे.”