डोळ्यांना आराम

शिष्यवृत्तीवर कॉलेजात गेलेली पोर पहिलं वर्षभर मागच्या बाकावर तोंड मिटून बसली. मनात एकच घोकायची: गिरणीत कापडातले दोष हुडकून बाबांच्या डोळ्यांची पार वाट लागलीय, त्यांना आराम द्यायचा. शेवटच्या वर्षी तिने तुटका धागा आपोआप टिपणारा कॅमेरा बनवला. सुट्टीत बाबांनी शेजारी बसून त्याला एकेक दोष ओळखायला शिकवलं आणि मोठ्या कौतुकाने स्वतःच तो मालकांना नेऊन दाखवला.

कॅमेरा बसला त्याच दिवशी बाबा भरदुपारी घरी आले. मागोमाग तपासणी खात्यातले बाकीचे अकराजण. एकाचाही डबा उघडलेला नव्हता.



"एक धागा सुटत नाही गं तुझ्या कॅमेऱ्यातून," बाबा म्हणाले.