शनिवारचा मुक्काम

"को-पायलटचं हसणं धरायचं नाही," कॅप्टननी आधीच बजावलं. "त्याला हवामानाचा अहवाल वाचतानाही हसू येतं."

को-पायलट यावरही हसला.

क्रूच्या खोलीत दोन सोफे होते, एक चहाचं यंत्र होतं आणि खिडकीतून धावपट्टीचा तुकडा दिसायचा. दर शनिवारी दुपारी इथे गोष्टींची पैज लागे. शनिवारची शेवटची फ्लाइट परगावी मुक्कामाला थांबायची आणि रविवारी दुपारी परतायची. विमान लहान, केबिन सांभाळायला एकच माणूस लागे. कोणी जायचं यावरून पूर्वी रुसवेफुगवे होत. शेवटी कॅप्टननीच तोडगा काढला. तिघांनी नोकरीतला एकेक अनुभव सांगायचा. ज्याच्या गोष्टीला सगळ्यांत कमी हशा, त्याने बॅग उचलायची.

आजचे तिघे म्हणजे वीस वर्षं नोकरी झालेल्या ताई, उंचीपायी सामानाच्या कप्प्यांवर डोकं आपटून घेणारा, सगळ्यांचा 'उंट' आणि धाकटी. धाकटी बाळंतपणाच्या रजेवरून परतून तीन आठवडे झाले होते. घरी सात महिन्यांचं बाळ, दात येत असलेलं. कालची अख्खी रात्र तिने त्याला खांद्यावर घेऊन खोलीभर फेऱ्या मारल्या होत्या. आजची पैज नशिबावर सोडून चालणार नव्हती. गेले तीन दिवस बाळाला थोपटता थोपटता ती आपली गोष्ट घोटत होती.

फोन थरथरला. नवरा विचारत होता, "अजून रडतोय. कधी येतेस?" तिने फोन पालथा घातला.

"बोहनी मी करतो," कॅप्टन म्हणाले. "आमच्या सासूबाई पहिल्यांदा माझ्या विमानात बसल्या. वाटेत ढग लागले, विमान हादरायला लागलं. हवाईसुंदरी आत आली, हातात चिठ्ठी. लिहिलं होतं, 'जावईबापू, स्कूटरही अशीच चालवता. खड्डा दिसला की हळू करा.'"

"मग केलंत का हळू?" ताईंनी विचारलं.

"करतो काय! घरी जेवायचं होतं ना."

हशा ओसरल्यावर उंट उठला. पहिल्याच फ्लाइटला लाइफ जॅकेट दाखवताना त्याच्याकडून दोरी खरोखरच ओढली गेली. जॅकेट फुगलं आणि तो दोन खुर्च्यांच्या मध्ये बाटलीच्या बुचासारखा अडकला. "आणि पहिल्या रांगेतले आजोबा टाळ्या वाजवून म्हणतात, 'वा! आता उलटं करून दाखवा.'"

कॅप्टनना ठसका लागला. उंटाचं घर पक्कं झालं.

ताईंनी सावकाश चहाचा घोट घेतला. "एक आजोबा सारखी घंटा वाजवायचे. गेलं की म्हणायचे, नातू घाबरलाय, तुम्ही हसलात की त्याला धीर येतो. अकरा वेळा हसले मी. बाराव्या वेळी नातूच म्हणाला, 'काकू, आता तुम्हीच आजोबांचा हात धरून बसा ना. मला झोप आलीये.'"

उंट खो खो हसला. कॅप्टनही हसले, पण जरा बेतानेच.

"धाकटे, आता तू. हसव बाई, नाहीतर आहेच तुझी बॅग," कॅप्टन म्हणाले.

धाकटीने पदराशी चाळा करावा तशी गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली. "एकदा ना, चौथ्या रांगेतल्या माणसाने बूट काढून ठेवले होते. विमान वर चढताना डावा बूट घसरत मागे गेला."

"बरं," कॅप्टन सरसावून बसले.

"तो म्हणाला, शोधून द्या. मी शोधला. बाराव्या रांगेत सापडला."

"हं. मग?"

"मग दिला."

खोलीत चहाचं यंत्र तेवढं गुरगुरलं. को-पायलटने तोंड उघडलं आणि परत मिटलं. तोसुद्धा हसला नव्हता.

"अगं, एवढंच?" उंट कळवळला.

"एवढंच," धाकटी पुटपुटली. तिचे डोळे लाल होते.

"छे छे," ताई उठल्याच. "लेकुरवाळी पोर ती. मी जाते मुक्कामाला. तू घरी पळ."

"नको हो ताई."

"अगं, माझं मेलं घरी काय अडलंय? जाते म्हटलं ना!"

"नियम म्हणजे नियम," धाकटी ताठ उभी राहिली. "आज माझ्यासाठी मोडला तर उद्या कोण पाळणार?"

कॅप्टन गहिवरले. "शिकून घ्या रे हिच्याकडून काहीतरी," ते उंटाला म्हणाले.

संध्याकाळी साडेसहाला ती परगावच्या हॉटेलात पोचली. बाहेर अजून ऊन होतं. तिने आधी घरी फोन लावला. मागे बाळाचा टाहो आणि सासूबाईंचं "अले अले" ऐकू येत होतं.

"पण ती गोष्ट पडलीच कशी?" नवऱ्याला नवल वाटलं. "मी तर हसून हसून पलंगावरून पडलो होतो! तू चुकून बाराव्या रांगेतल्याचाच उजवा बूट दिलास, मग तो दोन्ही पायांत डावे बूट घालून उतरला आणि बायकोला सांगत सुटला की विमानात पाय सुजतात, ते सांगितलंस ना?"

"विसरले रे," ती म्हणाली. "ऐन वेळी विसरले. माझंच नशीब फुटकं. त्याला सांभाळ हं."

फोन ठेवून तिने पडदे ओढले, दाराला आतून कडी घातली आणि त्या रुंद पलंगावर आडवीतिडवी पसरली. फोन बंद करणार तोच ताईंचा निरोप आला.

"निजलीस का? डाव्या बुटांची गोष्ट तुझ्या नवऱ्याने मला मागेच सांगितली होती. पुढच्या शनिवारी मात्र मला हरू दे. घरी चारही नणंदा येताहेत."